हरेगाव : सरकारचा हक्क कुठे संपतो?

१/
श्रीरामपूरचे रेल्वे स्थानक पूर्वी बेलापूर रोड या नावाने ओळखले जाई. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तेव्हा प्रवरेकाठचे बेलापूर हे नामांकित गाव होते आणि स्थानक त्याच्यापासून दूर माळावर. म्हणून नावात 'रोड'. पुढे स्थानकाभोवती पेठ वसली, पेठेचे शहर झाले, शहराचा तालुका झाला. याच तालुक्यात हरेगाव आहे. बाहेरच्या महाराष्ट्राला ते सप्टेंबरातील मतमाउलीच्या यात्रेमुळे ठाऊक असते. परंतु गेल्या शंभर वर्षांत सरकारच्या अधिकाराला सीमा कोणती, हा प्रश्न या शिवारात जितक्या निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला, तितका क्वचितच एखाद्या गावात विचारला गेला असेल. हा धागा त्या प्रश्नाचा आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी एका शब्दाविषयी. 'लिबर्टेरियन' या शब्दासाठी मराठीत स्वतंत्रतावादी असा शब्द रूढ होऊ पाहत आहे. या विचाराचा गाभा थोडक्यात असा : माणसाचे शरीर, त्याचे श्रम आणि त्याने संमतीने मिळवलेली मालमत्ता ही त्याची स्वतःची, सरकारने त्यांना हात लावायचा असेल तर कारण दाखवण्याचा भार सरकारवर, नागरिकावर नव्हे. इंग्लंडच्या हर्बर्ट स्पेन्सरने १८८४ मध्ये 'द मॅन व्हर्सेस द स्टेट' लिहून हा वाद धारदार केला. आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर मन लावून वाचले होते. त्यामुळे हा विचार महाराष्ट्राला अगदीच परका नाही. मात्र पुण्यातील वाचनकक्षात तो तत्त्वज्ञान म्हणून आला. हरेगावात तो जुडीच्या पावतीवर आणि सातबाऱ्यावर आला.

३/
डिसेंबर १९३९. युरोपात महायुद्ध सुरू होऊन तीन महिने झालेले. मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिलेला आणि कारभार गव्हर्नरच्या हाती गेलेला. अशा वेळी हरेगावात महार, मांग, वेठिया इत्यादी वतनदारांची परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. विषय होता महार वतन. आज 'वतन' हा शब्द ऐकला की जहागिरी, मानपान, देशमुखी डोळ्यांपुढे येते. महार वतन हे त्या घराण्यातले नव्हे.

४/
१८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकार कायद्याने, ज्याला लोक वतन कायदा म्हणत, गावगाड्यातील पाटील-कुलकर्ण्यांपासून महारांपर्यंत सर्व वतनांना इंग्रजी कायद्याची चौकट दिली. वरची वतने मानाची होती. खालच्या वतनात मान नव्हता, केवळ काम होते. चावडीवर हजर राहणे, साऱ्यासाठी रयतेला बोलावून आणणे, वसुलाची रक्कम पोहोचवताना सोबत जाणे, सरकारी टपाल या गावाहून त्या गावाला नेणे, मुक्कामाला आलेल्या अंमलदाराची व्यवस्था पाहणे, सीमेच्या खुणा दाखवणे, चोराचा माग काढणे, बेवारस प्रेतावर पहारा करणे, मर्तिकाची बातमी परगावी पोहोचवणे. वेळ ठरलेली नाही. पाळीचा महार घरी नसेल तर त्याच्या घरातले दुसरे कोणी. म्हणजे नोकर एक माणूस नव्हता, अख्खे घर होते; आणि तेही जन्माने.

५/
मोबदला काय? थोडी इनाम जमीन, जी पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन चिंध्यांएवढी झालेली. सरकारी तिजोरीतून अल्पशी रोकड. उरलेले बलुते, आणि ते देणार रयत. येथे व्यवस्थेची सारी खुबी आहे. काम सरकारचे, हुकूम सरकारचा, गैरहजेरीची शिक्षा सरकारची. पोटाला मात्र गावकऱ्याच्या खळ्यावर उभे राहायचे. गावाशी बिनसले, की बलुते बंद. महारांनी मेलेले जनावर ओढण्यास नकार दिला, मुलांना शाळेत घातले, सार्वजनिक पाणवठ्यावर पाऊल ठेवले, तर गावाच्या हातात हे शस्त्र आयते होते. जातीचा जुलूम आणि सरकारचा जुलूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे पुस्तकात वाचताना वाटते. बलुत्याच्या खळ्यावर त्या एकच होत्या.

६/
आंबेडकरांनी हे दुखणे फार आधी ओळखले होते. १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'बहिष्कृत भारता'त त्यांनी वतनावर लिहिले आणि १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातील मागण्या आज वाचल्या तर त्यांचा संयम नजरेत भरतो. ज्याला वतनी सेवेतून मुक्त व्हायचे आहे त्याने पूर्ण सारा भरावा आणि जमीन राखून मोकळे व्हावे. बलुत्याचे रूपांतर रोख करात करून तो साऱ्याबरोबर वसूल व्हावा, म्हणजे महाराला दारोदार जावे लागणार नाही. कर्तव्ये कोणती, हे निश्चित व्हावे. नोकरी करायची तर करारासारखी आणि सोडायची तर मोकळेपणाने, एवढेच. विधेयक नाकारले गेले तर महार समाज आणि महसूल खाते यांच्यात सरळ संघर्ष उभा राहील, असा इशाराही त्यांनी सभागृहात दिला. चिकित्सा समितीतून विधेयक बाहेर आले तेव्हा ते ओळखू येईनासे झाले होते. १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले.

७/
दहा वर्षांनी हरेगावात प्रश्न आणखी एका पायरीने चिघळला होता. वतनी जमिनीवर जो सवलतीचा सारा घेत, त्याला जुडी म्हणत. सेवेच्या बदल्यात जमीन दिली आहे म्हणून सारा कमी, असा त्यामागचा हिशेब. सरकारने जुडी वाढवली. सेवा मात्र तसूभर कमी केली नाही. घेणेकऱ्याने एकाच वस्तूची किंमत दोनदा घ्यावी, तसा हा प्रकार. हरेगावच्या परिषदेचा रोष या वाढीवर होता. ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला याच प्रश्नावर परिषद झाली, तेथे करबंदीची हाक दिली गेली, आंबेडकर गव्हर्नरला भेटले आणि अखेर वाढीव आकारणी मागे घेण्यात आली. नगर-नाशिकच्या मुलांना शालेय पुस्तकात बारडोली सापडते. सिन्नर सापडत नाही.

८/
परिषद हरेगावात भरावी, यात एक योगायोगापलीकडचे औचित्य आहे. हरेगावात तोवर साखर कारखाना उभा होता आणि त्याच्या उसाच्या मळ्यांवर मजुरी मिळत होती. मजुरी कमी असेल, कष्ट मरणाचे असतील, मुकादम उर्मट असेल. पण तेथे काम केले की पैसे मिळत आणि काम नको असेल तर जाता येई. गिरणी, रेल्वे, पलटण या सर्व ठिकाणी महार माणसाने हाच फरक अनुभवला होता. चावडीवर तो सरकारचा जन्मसिद्ध चाकर होता. मळ्यावर निदान गडी होता. भांडवलदाराची चाकरी सोडता येते, सरकारची सोडता येत नाही, हे तत्त्व त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

९/
आता पोलीस. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने गावचा बंदोबस्त पोलीस पाटलाच्या हाती दिला आणि गावकामगार त्याच्या हुकुमात आले. जिल्ह्याला सुपरिंटेंडेंट, तालुक्याला फौजदार, गावाला पाटील आणि पाटलाच्या हाताखाली महार, अशी ती साखळी. सरकारच्या सामर्थ्याचे शेवटचे बोट म्हणजे चोराच्या मागावर अनवाणी धावणारा हा माणूस. ज्या सत्तेचा तो हात होता, त्याच सत्तेचा तो पहिला कैदीही होता. चोरी झाली की माग काढायचा त्याने आणि चोर सापडला नाही की संशय यायचा त्याच्याच वस्तीवर. पोलिसी अधिकारावर लिहिताना सहसा गणवेश घालणारा आणि गणवेशाला भिणारा असे दोन पक्ष कल्पिले जातात. महार वतनात ते एकाच अंगावर होते, आणि गणवेशही नव्हता.

१०/
स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायदा आला आणि ही चाकरी संपली. उत्सव करावा अशी गोष्ट. पण कायद्याचे पुढचे कलम वाचले पाहिजे. वतनी जमीन पूर्वीच्या वतनदाराला सरकारात रक्कम भरून परत मिळणार होती, तीही नव्या शर्तीने. नवी शर्त म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकायची नाही, वाटणी करायची नाही. हेतू भला होता. दुबळ्याच्या हातची जमीन सावकाराने गिळू नये, ही भीती खोटी नव्हती. तरी एवढे नोंदवलेच पाहिजे की पिढ्यान्‌पिढ्या वेठीला धरलेल्या माणसाला सरकारने मुक्त केले ते परवानगीच्या दोरीसकट. ही दोरी ध्यानात ठेवावी; ती पुन्हा भेटणार आहे.

११/
ज्या मळ्यांचा वर उल्लेख आला, त्यांची कथा पाण्यापासून सुरू होते. प्रवरा खोऱ्यात इंग्रज सरकारने कालवे काढले; भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. पाणी आले, पण ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला बारमाही पाण्याचा दर परवडेना आणि उसाचे भांडवल त्याच्यापाशी नव्हते. कालव्यावर खर्च झालेला, पाणीपट्टी मिळायलाच हवी. मग सरकारला हवा होता मोठा गिऱ्हाईक. ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थापनाखालील बेलापूर कंपनीने हरेगावात कारखाना काढला. महाराष्ट्रातील आधुनिक साखर कारखान्यांच्या अगदी पहिल्या पिढीतला. पाठोपाठ टिळकनगर आणि कोपरगावच्या बाजूचे कारखाने आले. उसासाठी हजारो एकर सलग जमीन लागणार होती. ती शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने घेण्यात आली. हे शेतकरी पुढे 'खंडकरी' म्हणून ओळखले गेले.

१२/
खंड हा करार असतो. करार दोघांच्या राजीखुशीचा असतो. पण एका बाजूला कंपनी, तिच्या पाठीशी पाटबंधारे खाते, महसूल खाते आणि मामलेदार, आणि दुसऱ्या बाजूला सारा थकलेला कुणबी, असा करार कितपत राजीखुशीचा? याच परिसरातील काही गावांत तर जमिनी 'आकारी पडीत' म्हणून सरकारजमा झाल्या. सारा भरला नाही की जमीन सरकारची, इतका तो सरळ नियम होता. स्वतंत्रतावादी लेखक कराराचे गोडवे गातात तेव्हा त्यांनी अशा करारांकडे जरा जास्त वेळ पाहावे. जोतिराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये पाटबंधारे खात्याच्या अंमलदारांवरही कोरडे ओढले होते. प्रवरेचे कालवे त्यांनी पाहिले नाहीत; पाहिले असते तर त्यांना नवे असे काही वाटले नसते.

१३/
स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. 'कसेल त्याची जमीन' या न्यायाने १ एप्रिल १९५७ ला मुंबई राज्यातील कुळे कायद्याने मालक झाली. पण साखर कंपनी कूळ म्हणून मालक व्हावी, हे कोणालाच नको होते. उसासाठी औद्योगिक कंपन्यांना दिलेले खंड त्या तरतुदींतून वगळण्यात आले. तोवर खंडकऱ्याची मालकी सुरक्षित होती. मग १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. त्याने पाहिले 'धारण' कोणाकडे आहे, आणि धारण तर कंपनीकडे होते. कंपनीच्या ताब्यातील हजारो एकर अतिरिक्त ठरले आणि सरकारजमा झाले. त्यात खंडकऱ्यांची जमीनही गेली.

१४/
येथे क्षणभर थांबावे. कमाल धारणा कायदा मोठ्या जमीनदारांविरुद्ध होता. ज्याची जमीन गेली त्याच्यापाशी कदाचित पाच एकर होती, कदाचित दहा; त्याने ती कंपनीला वापरायला दिली होती, विकली नव्हती. एखाद्याने आपली बैलजोडी सावकाराच्या शेतावर भाड्याने पाठवावी, सावकाराकडे बैल फार झाले म्हणून सरकारने ती जप्त करावी आणि बैल मात्र गरिबाचे जावेत, असे हे झाले. कायदा आंधळा असतो म्हणतात. हा कायदा आंधळा नव्हता, तो फक्त ज्या बाजूला पाहायला सांगितले होते त्याच बाजूला पाहत होता.

१५/
न्यायालयात जावे, तर १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने हा कायदा नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला होता. नववे परिशिष्ट म्हणजे राज्यघटनेतील अशी खोली, जिच्यात ठेवलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून आव्हान देता येत नसे. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच बाहेर पडला. जमीन कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. हरेगाव मळा, टिळकनगर मळा ही नावे तशीच राहिली. फक्त साहेब बदलला. कंपनी निदान खंड तरी देत होती.

१६/
खंडकऱ्यांचा लढा अर्धशतक चालला. मोर्चे, निवेदने, अधिवेशने, दावे. आजोबाने सुरू केलेल्या अर्जावर नातवाची सही. या लढ्याचे प्रदीर्घ नेतृत्व कोणी केले असेल? मनमाडचे कॉम्रेड माधवराव गायकवाड यांनी, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्याने. खासगी मालकीची जमीन सरकारी महामंडळाच्या ताब्यातून सोडवून मूळ मालकाला परत द्या, या मागणीसाठी लाल बावटा खांद्यावर घेतलेला माणूस आयुष्यभर झगडला. विचारसरणींच्या कप्प्यांत इतिहास कोंबणाऱ्यांनी हे एक उदाहरण जवळ ठेवावे. गायकवाडांना त्यात विसंगती वाटली नसावी. लहान माणसाचे घेतलेले परत द्या, एवढेच त्यात होते.

१७/
अखेर २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि जमीनवाटप सुरू झाले. परत मिळाली ती कमाल धारणेच्या मर्यादेत. बारमाही पाण्याच्या जमिनीला ती मर्यादा १८ एकरांची. आणि सातबाऱ्यावर शब्द पडले 'भोगवटादार वर्ग-२'. वर्ग-२ म्हणजे विक्री, हस्तांतर यांवर सरकारचे निर्बंध. तीच दोरी. वतन सुटले तेव्हा महाराच्या जमिनीला जी बांधली होती, तीच आता मराठा-माळी खंडकऱ्याच्या जमिनीला. मूळ मालकाची वस्तू त्याला परत करताना सरकारने देणगीदाराची भाषा वापरली. हे निर्बंध काढून वर्ग-१ करण्याचा निर्णय व्हायला आणखी दहाएक वर्षे जावी लागली.

१८/
येथवर सारा युक्तिवाद सरकारच्या विरुद्ध गेला. आता त्याला आतून टोचणारी गोष्ट. हरेगावात वतनी गुलामीविरुद्ध उभे राहिलेले आंबेडकर स्वतंत्रतावादी नव्हते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७ च्या निवेदनात त्यांनी शेतीला राज्याचा उद्योग करण्याची योजना मांडली : जमीन सरकारची, कसणे सामुदायिक, जातिधर्माचा भेद न करता वाटप. त्यांचा तर्क निष्ठुर सरळ होता. ज्याच्या पूर्वजांना जमीन ठेवूच दिली नाही, त्याला मालमत्तेच्या हक्काचे पावित्र्य सांगून उपयोग काय? सरकारने हात काढून घेतला तर जमीनदाराचे स्वातंत्र्य वाढेल. भूमिहीनाच्या हाती काय येईल?

१९/
शेती महामंडळाला आंबेडकरांची योजना म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यात वाटप होते, यात नोकरशाही होती. पण त्यांचा प्रश्न मळ्यावर खराच ठरला. महामंडळाच्या चाळींत राहून पिढ्यान्‌पिढ्या ऊस खुरपणारे कामगार होते, त्यांत दलित पुष्कळ. जमीन खंडकऱ्यांना परत गेली तेव्हा काम संपले. त्यांच्या नावावर सातबारा कधीच नव्हता, म्हणून त्यांना 'परत' मिळण्याजोगे काही नव्हते. घराखालची जागा तरी नावावर करा, ही त्यांची मागणी. अन्यायाची भरपाई ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच होते, ही मालमत्तेच्या हक्कावर आधारलेल्या विचाराची दुखरी बाजू आहे आणि त्या विचाराच्या पुरस्कर्त्यांनी ती क्वचितच मनावर घेतली आहे.

२०/
महाराष्ट्रात या विचाराला खेड्यात नेणारा माणूस म्हणजे शरद जोशी. १९७९ मध्ये शेतकरी संघटना, १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष. शेतकरी गरीब आहे कारण सरकार त्याला मदत करत नाही, असे सारे म्हणत होते. जोशी म्हणाले, तो गरीब आहे कारण सरकार त्याच्या मालाचा भाव पाडते. साखर पट्ट्यात या मताला भरपूर पुरावा होता. १९८४ च्या आदेशाने प्रत्येक कारखान्याला क्षेत्र राखून दिले : या गावचा ऊस या कारखान्यालाच. लोक त्याला झोनबंदी म्हणत. शेजारचा कारखाना टनाला जास्त भाव देतो, पण ऊस तिकडे नेणे हा गुन्हा. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पाण्यावर वाढवलेले पीक कोणाला विकायचे, हे ठरवण्याचा हक्क नाही. संघटनेच्या दीर्घ विरोधानंतर १९९७ मध्ये झोनबंदी उठली. २०२३ च्या सप्टेंबरात ऊस राज्याबाहेर नेण्यास मनाई करणारा आदेश निघाला, तेव्हा जुन्या कार्यकर्त्यांना ती ओळखीची वाटली असणार. विरोध होताच तो काही दिवसांत मागे घ्यावा लागला.

२१/
भाव, झोन, सारा ही अर्थशास्त्राची वाटणारी प्रकरणे अखेरीस पोलिसाच्या काठीपाशी पोहोचतात. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस-कांदा आंदोलनात खेरवाडीला गोळीबार झाला आणि शेतकरी मेले. ६ एप्रिल १९८१ ला निपाणीला तंबाखू उत्पादकांवर गोळ्या चालल्या, तेथे त्याहून अधिक. भाव मागणाऱ्याला गोळी का लागते? कारण सरकारी आदेश वरून कितीही मऊ दिसला, तरी तो न मानणाऱ्यासमोर कुठेतरी एक बंदूकधारी शिपाई उभा करावाच लागतो. स्वतंत्रतावाद्यांचा हा जुना मुद्दा आहे : प्रत्येक नवा कायदा करताना विधिमंडळाने स्वतःला विचारावे, यासाठी माणूस मारायची आपली तयारी आहे काय?

२२/
गोळीबार क्वचित होतो. रोजचा अधिकार कागदावर असतो. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे, आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचे, कलम ३७ घ्या. त्याच्या पोटकलम ३ खाली जमाव, सभा, मिरवणूक यांस मनाई करता येते. राज्य सरकारच्या मंजुरीवाचून ती पंधरा दिवसांहून अधिक टिकत नाही. कायदा करणाऱ्याने मुदत घातली ती अपवाद अपवादच राहावा म्हणून. व्यवहारात सण, निवडणूक, आंदोलन असे निमित्त दाखवून जिल्ह्याजिल्ह्यांत पंधरवड्यामागून पंधरवडा आदेश निघत राहतात आणि वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात छापून येतात. कोणी वाचत नाही. मोर्चा काढायची वेळ आली की मात्र कळते की आपण गेले कित्येक आठवडे परवानगीने जगत होतो.

२३/
त्याच कायद्याची ५५ ते ५७ ही कलमे तडीपारीची. न्यायालयात गुन्हा सिद्ध होण्याची वाट न पाहता माणसाला जिल्ह्याबाहेर, दोन वर्षांपर्यंत, घालवता येते. साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत, हे कारण पुरते. नोटिशीत आरोपांचे केवळ सर्वसाधारण स्वरूप सांगितले की भागते. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये हरि खेमू गवळी प्रकरणात हा अधिकार वैध ठरवला, तरी एका न्यायमूर्तींचे मत विरुद्ध पडले होते. २०२२ मध्ये जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात न्यायालयाने बजावले की हा असाधारण उपाय आहे, त्याने माणूस घराला आणि रोजगाराला मुकतो, म्हणून तो अपवादानेच वापरावा. ग्रामीण भागात हा आदेश प्रांत काढतो. म्हणजे महसूल आणि पोलीस पुन्हा एकाच टेबलावर. १८६७ चा पाटील आठवावा.

२४/
आणि तरीही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच हरेगावात शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून चार तरुणांना उलटे टांगून मारहाण झाली. त्यांत दलित मुले होती. संशय घेणारे, पकडणारे, शिक्षा ठरवणारे आणि ती देणारे सारे खासगी लोक. सरकार तेथे नव्हते. पोलीस नंतर आले, गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या. सरकारचा हात आखडला म्हणजे माणूस मोकळा होतो, हे गृहीत धरणाऱ्या प्रत्येकाने या घटनेपाशी थांबणे भाग आहे. समाजाचा जुलूम सरकारच्या जुलमाहून खोल असतो, हे आंबेडकरांनी पुन्हा पुन्हा सांगितले. परिषदेनंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी त्याच गावाने ते दाखवले.

२५/
स्वतंत्रतावादी यावर उत्तर देतात, आणि ते टाकाऊ नाही : दुर्बळाचे शरीर बळवंतापासून राखणे हेच तर सरकारचे एकमेव निर्विवाद काम, सरकार ते सोडून उसाच्या गाड्या मोजत बसते आणि सभा बंद करत फिरते, हीच तक्रार आहे. उत्तर तर्काला धरून आहे. पण पोलीस पाटलापासून प्रांतापर्यंतची माणसे त्याच गावांतून, त्याच जातींतून येतात; अधिकार कमी करून त्यांच्या नजरा बदलत नाहीत. नजर बदलायची तर अधिकार कुणाच्या हाती असावा, हा प्रश्न उरतो, आणि तो सरकार किती मोठे असावे या प्रश्नाहून निराळा आहे. या दोहोंची सरमिसळ आपल्याकडच्या वादांत सर्रास होते.

२६/
शेवटची नोंद कागदाचीच. 'आकारी पडीत' जमिनींचा उल्लेख वर आला. सारा थकला म्हणून सरकारजमा झालेल्या अशा जमिनी मूळ मालकांना किंवा वारसांना परत देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या आरंभी घेतला. काही नजराणा भरून. आपल्या भागातला सातबारा हाती आला तर त्यावरची शीर्षके एकदा निवांत वाचावीत. नाव असते भोगवटादाराचे, वर्ग असतो भोगवटादाराचा. वर्ग-२ खोडून वर्ग-१ लिहिले जाते, 'इतर हक्क' या रकान्यातला शेरा कमी होतो. 'मालक' असे शीर्षक त्या कागदावर शोधून पाहावे.